बेप्पूच्या सहलीवरच्या आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार मॅडम,

जपान सहलीतल्या बेप्पू या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या शहरातल्या मुक्कामाबद्दल आपण लिहिलेला दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. टूर मॅनेजरशी सविस्तर बोलून हे उत्तर लिहितोय. आपल्या तक्रारी तीन. आईंच्या हातावर गोंदण आहे म्हणून हॉटेलने त्यांना सामाईक कुंडात जाऊ दिलं नाही आणि आमचा माणूस 'गप्प उभा राहिला'. गरम पाण्याची तळी नुसती कठड्यापलीकडून दाखवली, 'त्यापेक्षा आपली वज्रेश्वरी बरी'. आणि एका दुपारी जेवण म्हणून 'उकडलेली रताळी' दिली.

पहिली तक्रार मला सगळ्यात जास्त लागली. आईंना या वयात चारचौघांसमोर परत फिरावं लागलं, याचं मनापासून वाईट वाटतं. आपल्याकडच्या कितीतरी आज्यांच्या हातावर, कपाळावर गोंदण असतं. ते सौभाग्याचं लेणं मानतात, त्यात लपवण्यासारखं काहीही नाही. जपानमध्ये मात्र अंगावरच्या गोंदणाचा संबंध लोक याकुझा या गुन्हेगारी टोळ्यांशी लावत आले. त्या टोळ्यांतली माणसं पाठभर नक्षी गोंदवून घेत, म्हणून स्नानगृहांनी सरसकट बंदी घातली. आज त्या बंदीचा फटका भलत्यांनाच बसतो. २०१३ मध्ये न्यूझीलंडहून आलेल्या एका माओरी (तिथल्या मूळनिवासी समाजातल्या) बाईंना चेहऱ्यावरच्या पारंपरिक गोंदणामुळे होक्काइदोतल्या एका स्नानगृहात प्रवेश नाकारला गेला आणि त्यावर जपानमध्येच बरीच चर्चा झाली. तिथल्या पर्यटन विभागाने २०१५ मध्ये पाहणी केली, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे ५६ टक्के हॉटेलं आणि निवासगृहं गोंदण असलेल्यांना कुंडात सोडत नव्हती. नियम मलाही पटत नाही. पण तो त्यांच्या घरचा नियम आहे.

टूर मॅनेजर भांडला नाही, कारण अशा वेळी भांडायचं नाही ही माझीच सूचना आहे, आणि ती मी बदलणार नाही. काउंटरवरच्या मुलीच्या हातात काही नसतं. आपण आवाज चढवला की ती वाकून माफी मागत राहते, लॉबीतले लोक वळून बघायला लागतात आणि त्या सगळ्या नजरा शेवटी आईंवरच खिळतात. तो बाजूला झाला आणि फोनला लागला. त्याच संध्याकाळी त्याने जवळच एक खासगी कुंड आपल्या दोघींसाठी घेतलं. बेप्पूत अशी कुटुंबासाठीची कुंडं तासाच्या हिशेबाने मिळतात, आतून कडी लावायची, कुणाचा डोळा नाही. तिथलं भाडं आम्ही भरलं. दुसऱ्या दिवशी १८७९ पासून चालत आलेल्या ताकेगावारा स्नानगृहात आईंनी वाळूस्नानही घेतलं. तिथे सुती किमोनो घालूनच झोपायचं असतं आणि तिथल्या बायका फावड्याने गळ्यापर्यंत गरम वाळू ओढतात. आईंना ते फार आवडलं, असं टूर मॅनेजर सांगतो. यातलं काहीच आपल्या रिव्ह्यूत नाही, म्हणून इथे लिहावं लागतंय. आमच्या बुकिंग फॉर्मवर गोंदणाचा रकाना आहे, तो कोरा आला होता. तो भरलेला असता, तर खोलीतच कुंड असलेलं हॉटेल आधीच बघता आलं असतं.

आता तळ्यांबद्दल. वज्रेश्वरीबद्दल मला प्रेम आहे. देवीचं दर्शन घेऊन अकलोलीला तानसेकाठच्या कुंडात बसलो की अंग हलकं होतं. तिथलं पाणी जमिनीतल्या भेगांतून खोल जातं, तापतं आणि वर येतं. बेप्पूच्या पाठीशी मात्र त्सुरुमी आणि गारान हे जागे ज्वालामुखी आहेत. शहरात गरम पाण्याचे २,००० हून अधिक उगम आहेत. आपण पाहिलेल्या तळ्यांना तिथे 'नरक' म्हणतात. उमी जिगोकुचं ते निळंशार पाणी सुमारे ९८ अंश सेल्सिअसला असतं, आणि चिनोइके या दुसऱ्या तळ्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडने भरलेल्या चिखलामुळे येतो. ९८ अंशांच्या पाण्यात कुणालाच उतरता येत नाही, म्हणून कठडा. आमच्या कार्यक्रमपत्रिकेतही तिथे 'दर्शन' असंच छापलं आहे. पाय बुडवायला त्याच आवारात वेगळी छोटी कुंडं ठेवलेली असतात. ग्रुपमधले बरेच जण तिथे पाय सोडून बसले होते, आपण तेव्हा दुकानात होता. सात नरकांपैकी पाच बेप्पूतल्याच कान्नावा भागात जवळजवळ आहेत, उरलेले दोन काही किलोमीटरवर, आणि तिथल्या तात्सुमाकी या उसळत्या झऱ्याचा फवारा अर्ध्या-पाऊण तासाने एकदा उडतो. म्हणून त्या दिवशी बस वेळेवर सोडावी लागते. घाई झाली असं आपल्याला वाटलं, ते मी समजू शकतो.

रताळ्यांचं जेवण मी स्वतः ठरवलेलं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. जपानमध्ये शाकाहारी माणसाची खरी अडचण भाजीची नाही, रश्श्याची आहे. नूडल्स असोत की सूप, बहुतेक रस्सा वाळवलेल्या माशाच्या कातळीवर उकळलेला असतो, आणि नुसत्या नजरेला तो कळत नाही. कान्नावात मात्र जमिनीतून येणाऱ्या वाफेवरच अन्न शिजवतात. दगडी चुलाण्याचं झाकण उचललं की पांढरा लोट अंगावर येतो, जाड हातमोजे घालून आपणच टोपली आत सोडायची आणि घड्याळ लावायचं. मक्याची कणसं, लाल भोपळा, कोबी, रताळी. त्या वाफेला किंचित खारटपणा असतो, वर तिखट-मीठ लागत नाही. ग्रुपमधल्या जैन कुटुंबानेही भोपळा-कोबी निश्चिंत मनाने खाल्ला. आपण तिखटाशिवाय जेवू शकत नाही हे टूर मॅनेजरला सांगितलंत, तेव्हा त्याने आमच्याकडची शेंगदाण्याची चटणी दिली होती.

पैसे परत मागितले आहेत, ते मी देऊ शकत नाही. ठरलेलं प्रत्येक ठिकाण दाखवलं गेलं आणि खासगी कुंडाचं भाडं आपल्याकडून घेतलेलं नाही. मात्र आईंशी मला स्वतः बोलायचं आहे. त्यांना सोयीची वेळ ऑफिसात कळवा, मी फोन करेन.

– संचालक