कुदळ पक्ष आणि झाकून ठेवा पक्ष

आमच्या घरात भाजीच्या वाफ्यांवरून दोन पक्ष पडलेत. बाबा कुदळ पक्षाचे, मी झाकून ठेवा पक्षाची. बाबांचं म्हणणं, जमीन हातभर खणून उलटीपालटी केली की तण मुळापासून जातं, आणि माझं म्हणणं, माती खोल न खणता पालापाचोळ्याने झाकून ठेवायची; बाबा, तुम्ही तण काढत नाही आहात, पेरताय. ह्याला ते आळस म्हणतात.

आता बघा, मातीत तणाचं बी आधीपासूनच ढाराढूर झोपलेलं असतं आणि बऱ्याच जातींना जाग यायला क्षणभराचा उजेड पुरतो, म्हणजे कुदळ घातली, खालचं बी वर आलं, की झालीच सकाळ. आणि झोप म्हणजे कसली! १८७९ साली विल्यम बील नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने तणांच्या बिया वाळूत मिसळून बाटल्यांमधे भरून पुरून ठेवल्या, त्यातली एक बाटली २०२१ मधे उकरली तर त्यातल्याही काही उगवल्या. इकडे मी नवीन पाकीट फोडून, झारीने हळूच पाणी घालून लावलेलं गाजराचं बी उगवायला नखरे करतं. हे सगळं बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "बघ, म्हणूनच खोल खणायचं."

लव्हाळा नावाच्या तणापुढे मात्र दोन्ही पक्षांनी हात टेकलेत. ओढला की पात हातात येते आणि गाठ खाली तशीच. त्या गाठींची जमिनीत साखळी असते, ती अख्खी असते तोवर बऱ्याचशा गाठी गप पडून राहतात, कुदळीने तुटली की ज्या त्या गाठीचा स्वतंत्र संसार सुरू. मल्चिंगचं, म्हणजे तण दाबायला मातीवर घालायचं, प्लास्टिक अंथरलं तर हा पठ्ठ्या तेही भोसकून वर येतो. घोळ नावाचं तण त्याहून बेरकी. उपटून बांधावर टाकली तरी पडल्यापडल्या बी पिकवते, तुकडे केले तर ओल्या मातीत त्या तुकड्यांना मुळं फुटतात, आणि एका झाडाला लाखाच्या वर बी धरू शकतं. एवढी चिकाटी आमच्या टोमॅटोत असती तर!

माझी पद्धत साधी आहे. वाफा तयार करायचा, पाणी द्यायचं आणि चक्क काहीच पेरायचं नाही. (इथे बाबा कपाळाला हात लावतात.) तण उगवू द्यायचं, कोवळं असतानाच खुरप्याने वरचं सालटं काढल्यासारखं खरवडायचं, खाली हात घालायचा नाही, मग भाजी लावायची. रोपं जरा वर आली की दोन-तीन इंच पालापाचोळा, खोडाला न चिकटवता. बी धरलेलं वाळकं गवत नको, आणि कच्चं शेणखत तर अजिबात नको कारण जनावरांच्या पोटातून बरंच बी सहीसलामत बाहेर येतं. पाणी फक्त रोपाच्या बुडाशी. तरी जे येईल ते फुलावर यायच्या आत उपटायचं, बास.

शेवटी तह झाला, एक वाफा बाबांचा, बाकीचे माझे. त्यांनी तो इतका मनापासून खणला की थोड्याच दिवसांत नुसता हिरवागार! "बघ कसा तरारलाय," लांबूनच म्हणाले, मग चष्मा लावून जवळ गेले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. आता त्यांचे गुडघे दुखतात म्हणून तो वाफा निंदायला मीच बसलीये आणि ते शेजारी खुर्ची टाकून सांगतायत, "मुळासकट काढ गं, वरवर नको."