मायक्रोवेव्हच्या त्या मेसेजबद्दल खुलासा

सांगलीत विश्रामबागच्या आमच्या ग्रुपवर फिरतंय, 'मायक्रोवेव्हमधलं अन्न किरणोत्सारी होतं, या यंत्रांवर कुणाचंच नियंत्रण नाही.' दोन्ही चूक.

१९६७ मध्ये अमेरिकेत काही रंगीत टीव्हींमधून जादा क्ष-किरण निघत असल्याचं उघड झालं आणि १९६८ मध्ये तिथे किरणं सोडणाऱ्या विजेच्या यंत्रांवर नियंत्रण ठेवणारा कायदाच झाला. त्याच कायद्याखाली १९७१ पासून ओव्हनलाही मर्यादा आली: ५ सेंटिमीटर अंतरावर मायक्रोवेव्ह लहरींची गळती दर चौरस सेंटिमीटरला विक्रीआधी १ मिलिवॉट, वापरात ५, त्यापुढे नाही. या लहरी अन्न तापवतात, किरणोत्सारी करत नाहीत.

काल शेजारच्या काकूंना दाखवलं. दाराचा खटका सुटला की लहरी बंद. काचेतल्या जाळीची भोकं बारीक, लहर १२ सेंटिमीटरची. ती बाहेर येणार कुठून? दार वाकलं असेल तर मात्र आधी दुरुस्त करून घ्या. तोवर ओव्हन लावू नका.