‘काका, घाबरवू नका’ : एका प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

मागच्या महिन्यात ‘ट्यूनिंगला सुरुवात कुठून करायची’ असा लेख टाकला होता. त्याखाली खेडच्या एका वाचकाने खरमरीत प्रतिक्रिया लिहिली. तिथेच चार ओळी खरडून मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून वेगळं लिहितोय. त्याआधी चार शब्द नवख्यांसाठी: मॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली हवा, इंधन आणि ठिणगीची आकडेवारी; ‘स्टेज वन’ म्हणजे पार्ट न बदलता फक्त ती आकडेवारी बदलणं; लॉग म्हणजे गाडी चालताना त्या कॉम्प्युटरमधून उतरवून घेतलेल्या नोंदी; आणि टॉर्क म्हणजे इंजिनची ओढ, न्यूटन मीटरमध्ये मोजतात ती. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात:

“काका, लेखाचं नाव ट्यूनिंग आणि आत सगळं सर्व्हिसिंग. प्लग बघा, होज बघा, ब्रेक ऑइल बदला, तीन महिने लॉग काढा आणि मग मॅपचा विचार करा. तोवर माणूस म्हातारा होईल. मी माझी पोलो जीटी टीएसआय पुण्यात नेली आणि चार तासांत स्टेज वन टाकून आणली. टॉर्क १७५ चा २४० झाला, आठ महिन्यांत काही झालं नाही. नॉक सेन्सर असतो कशाला? आणि पुण्याचा मॅप समुद्राकाठी चालत नाही हे तुमचं वाक्य साफ चूक. टर्बोला उंचीचं काय पडलंय? कायद्याचंही तेच, बाहेरून काही दिसत नाही. उगाच घाबरवू नका. लॉग काढायला नेमकं काय लागतं, तेवढं मात्र लिहिलं नाहीत.”

काका म्हणालात त्याबद्दल तक्रार नाही, केसांकडे बघता तेच योग्य आहे.

आधी माझी चूक. पुण्याचा मॅप किनाऱ्यावर हवेच्या दाबामुळे बिघडतो, असं मी लिहिलं होतं. ते उलटं होतं. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास असतो. आमच्या रत्नागिरीत १०१० च्या. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा; टर्बो गाडीचा कॉम्प्युटर इनटेकमधला, म्हणजे हवा आत जाण्याच्या वाटेतला, एकूण दाब मोजतो. त्याला २००० मिलिबार हवे असतील, तर पुण्यात टर्बोला बाहेरची हवा २.१ पट दाबावी लागते आणि इथे दुपटीपेक्षाही किंचित कमी. म्हणजे टर्बोला समुद्राकाठीच जास्त आराम. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. मात्र ‘टर्बोला काय पडलंय’ हेही तितकंसं खरं नाही. घाट चढत गेलात की तोच दाब आणायला टर्बो जास्त फिरतो आणि हवा जास्त तापवतो. आकडा तोच दिसतो, कष्ट वाढलेले असतात.

आता नॉक सेन्सर. तो इंजिनच्या ब्लॉकला बोल्टने घट्ट बसवलेला कान आहे. ठिणगी पडल्यावर ज्योत पसरत असताना कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपणहून भडकलं की जो ठोका बसतो, तो हा कान ऐकतो. म्हणजे ठोका बसून गेलेला असतो. मग कॉम्प्युटर पुढच्या ठिणग्या थोड्या उशिरा देतो, गाडी वाचते, पिकअप जातो आणि एक्झॉस्ट जास्त तापतो. ऑक्टेनचा आकडा जितका मोठा, तितकं पेट्रोल आपणहून भडकायला नाखूष. तुमच्या मॅपने ९५ ऑक्टेन धरलं असेल आणि तुम्ही त्याहून कमीचं भरत असाल, तर वाढवून घेतलेल्या ताकदीतला बराचसा भाग हा कान रोज परत घेतोय. तुम्हाला कळत नाही, कारण गाडी अजूनही जुन्यापेक्षा बरी पळते.

दुसरा प्रकार याहून वाईट. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो इंजिनात कमी आरपीएमला, म्हणजे मिनिटाला कमी फेऱ्यांवर, जास्त लोड आला, तर मिश्रण कधीकधी ठिणगीच्या आधीच पेटतं. ठिणगीआधी पेटलेल्याला ठिणगी उशिरा देऊन काय होणार? पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो तो बहुतेकदा यानेच. आणि कमी आरपीएमला जास्त लोड म्हणजे नक्की काय, तर तुमच्या खेडजवळच्या भोस्ते घाटात गिअर ‘डी’वर ठेवून, १५०० आरपीएमला, चार माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या घेऊन पाय दाबणं. त्यावर उपाय फुकट आहे. घाट लागला की गिअर खाली घ्या आणि इंजिन अडीच हजारांच्या वर ठेवा. ऑइलच्या डब्यावर ‘एपीआय एसपी’ आहे ना तेही बघा. २०२० मध्ये आलेल्या या दर्जाच्या चाचण्यांत हाच प्रकार तपासला जातो.

‘आठ महिन्यांत काही झालं नाही’ यावर वाद घालत नाही. माझ्याही गाडीला पाच महिने काही झालं नव्हतं.

माझी ऑक्टाविया व्हीआरएस, २०१७ चं मॉडेल, मूळची २३० पीएस आणि ३५० न्यूटन मीटर. सेकंडहँड घेतली आणि पुढे एके दिवशी मॅप टाकून मोकळा झालो, अगदी तुमच्यासारखाच. ट्यूनरने विचारलं, पेट्रोल कुठलं टाकता? मी म्हटलं, ९५. त्या दिवशी टाकीत होतं खरं. पुढे मे महिन्यात कोल्हापूरला निघालो. पाली सोडल्यावर जो पहिला पंप लागला तिथे साधं, ९१ चं, भरलं. साखरपा मागे टाकलं, आंबा घाट सुरू झाला आणि पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक. दुपारचे दोन, एसी चालू, वीस मिनिटं त्याच्या धुरामागे. एका वळणानंतर जागा मिळाली आणि पाय दाबला. गाडी निघाली आणि मध्येच बसली. पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवावेत तसा आवाज आला आणि इंजिनचा पिवळा दिवा उघडझाप करायला लागला. दिवा स्थिर असता तर मी दुर्लक्ष केलं असतं. उघडझाप म्हणजे मिसफायर चालू आहे, सिलिंडरमधलं मिश्रण पेटत नाही, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातंय आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजतोय. बाजूला घेतली.

परत आल्यावर लॉग काढला. चार गोष्टी दिसल्या आणि चारही वेगळ्या होत्या. तिसऱ्या सिलिंडरला मिसफायर. चारही सिलिंडरचं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पाच ते सात अंश मागे ओढलेलं. कॉम्प्युटर टर्बोकडे २३०० मिलिबार मागतोय आणि मिळतात २०५०. आत जाणाऱ्या हवेचं तापमान ७१ अंश.

आमचा मेकॅनिक मूळचा कुडाळचा. त्याने लॅपटॉपकडे बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या कॉइलची (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या) क्लिप काढली, टॉर्च मारला आणि माझ्यासमोर धरली, “ह्या बघा, मीठ चढलाहा.” पितळी पिनांवर हिरवट पापुद्रा. गाडी दोन पावसाळे भाट्याच्या समुद्राच्या बाजूला उघड्यावर उभी असायची, दुसरं काय होणार? प्लग काढून गॅप मोजला तर १ मिलिमीटर. वाढीव बूस्टला, म्हणजे टर्बोच्या वाढीव दाबाला, ०.७ च्या आसपास ठेवायला हवा होता. सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला तेवढंच अंतर उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. ते अंतर कमी करायचं ना ट्यूनरला सुचलं, ना मला. पुढचा बंपर उतरवला तर इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोने तापवलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, पापुद्र्यांत जांभ्याची लाल माती वाळून वीट झालेली. गणपतीत हायवेच्या कामातला चिखल तुडवत आलो होतो, तो तिथेच बसला होता. आणि इंटरकूलरच्या एका होजची क्लिप ढिली, खाली तेलाचा ओलसर डाग. हवा तिथून गळत होती, ती भरून काढायला टर्बो जास्त फिरत होता, म्हणून हवा आणखी तापत होती, वर ९१ चं पेट्रोल.

चार प्लग, एक क्लिप, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक डबा आणि कमी दाबाच्या पाण्याने दोन तास धुणं. (जोराचा फवारा मारू नका, पापुद्रे वाकतात.) त्याच घाटात, ९५ भरून, तापमान ५४ वर आलं आणि टायमिंग जास्तीत जास्त दोन अंश मागे. मॅपमधला एक आकडाही बदलला नव्हता. मूळ मॅपवर ही सगळी दुखणी झाकलेली होती, वाढीव लोडने उघडी पाडली. तुम्ही ज्याला सर्व्हिसिंग म्हणता ते मी लेखात आधी का टाकलं, ते एवढ्यासाठी. ट्यूनिंग म्हणजे गाडी काय सांगते ते वाचून तिला थोडं जास्त मागणं. वाचता येत नसेल, तर दुसऱ्याने मागितलेलं आपण फक्त वापरतो.

इथे मॅपबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, लेखात राहून गेली होती. पॅडल दाबून आपण पेट्रोल मागतो असं लोकांना वाटतं. आताच्या गाड्यांत आपण टॉर्क मागतो. कॉम्प्युटर त्या मागणीवर मर्यादा लावत जातो: गिअरबॉक्सची, तापमानाची, चालू गिअरची. त्यातून जे उरेल त्यासाठी किती हवा लागेल ते ठरतं, त्यावरून बूस्ट, मग इंधन आणि ठिणगी. चांगला ट्यूनर या साखळीतली प्रत्येक कडी मोजून सैल करतो. वाईट ट्यूनर बूस्टचा आकडा वाढवतो आणि आड येणाऱ्या मर्यादा बंद करून टाकतो. दोन्ही गाड्या पहिल्या दिवशी सारख्याच पळतात.

म्हणून तुमच्या २४० चं विचारतो: ते डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) मोजलेत की त्यांच्या पत्रकावरून घेतलेत? तुमच्या पोलोचा सात गिअरचा ड्राय क्लचचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) २५० न्यूटन मीटरपर्यंतचा आहे. दहाचीच जागा उरते, आणि आकडा क्षणभरही वर उसळला तर तीही नाही. शिवाय घाटात ट्रकमागे रांगताना ड्राय क्लच किती तापतो ते मी सांगायला नको, तुमच्याच दारात घाट आहे. ट्रकला पुढे जाऊ द्या, अंतर पडलं की मगच निघा. इंच इंच सरकत राहू नका.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, हेही ट्यूनरला विचारा. पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. या मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन. मॅप जुन्या पेट्रोलवर बसवला असेल, तर पूर्ण दाबल्यावर पंप आणि इंजेक्टर पुरतात का, हे लॉगमध्येच दिसतं.

पावसाळ्याचं एकच सांगतो. कोल्ड एअर इनटेक म्हणून बंपरच्या खाली तोंड काढून देतात, ते कोकणात करू नका. चिपळूण, खेड, महाड, जुलैत कुठे पाणी चढेल नेम नाही. पाणी दाबलं जात नाही; सिलिंडरमध्ये वाटीभर गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. तुमच्या गावाच्या माणसाला जगबुडी नदी समजावून सांगायची म्हणजे जास्तच झालं.

ब्रेक ऑइलला हसलात. डॉट ४ चं नवं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, दमट हवेतलं पाणी शोषलेलं १५५ पर्यंतही खाली येतं. आंबा घाट उतरताना पॅडल जमिनीला टेकलं की कळतं, पण तेव्हा उशीर झालेला असतो. आमच्याकडे हवेत वर्षभर पाणीच असतं. मी दरवर्षी बदलतो.

‘बाहेरून दिसत नाही’ हे खरं. तरी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतले तपशील उत्पादकाने दिलेल्यापेक्षा वेगळे होतील अशा बदलाला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२ए मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. नाक्यावरचा हवालदार लॅपटॉप लावणार नाही. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस लावू शकतो. मी माझ्या विमा कंपनीला लेखी कळवलं, हप्ता वाढला, झोप लागते. तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा.

राहिलं लॉगचं. ते लेखात नव्हतं, तुमचा मुद्दा बरोबर. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांना गाडीचा कॉम्प्युटर वाचायला व्हीसीडीएसची केबल किंवा ओबीडीइलेव्हन चालतं. ब्लूटूथची स्वस्त डबी दिवा का लागला ते सांगेल, पण तिचा वेग कमी आणि प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग ती सहसा दाखवत नाही. आरपीएम, मागितलेलं बूस्ट, मिळालेलं बूस्ट, चारही सिलिंडरचं टायमिंग किती मागे गेलं, आत जाणाऱ्या हवेचं तापमान आणि लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण), एवढंच निवडा. जास्त निवडलंत की सेकंदाला मिळणाऱ्या नोंदी कमी होतात. चढावर, मोकळ्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये २००० पासून ४००० पर्यंत. लॅपटॉप शेजारच्याच्या मांडीवर, तुमच्या नाही. रेडलाइनपर्यंतचं मोजायचं तर डायनोवर. मी त्यासाठी पुण्यालाच जातो.

एक लॉग पहाटेचा काढा आणि एक दुपारचा, टाकीत कुठलं पेट्रोल होतं ते लिहून दोन्ही पाठवा. सध्या काजूचे दिवस आहेत, संध्याकाळी मी बागेत असतो, तेव्हा उत्तराला आठवडा लागेल.