शब्द पाळणाऱ्याला नकाराची मुभा होती का?

मायदेशातल्या मित्रमैत्रिणींशी बोलताना एक विधान वारंवार कानावर येतं: बाई शब्द पाळते ती समोरच्याचं मन मोडू नये म्हणून, पुरुष पाळतो तो स्वतःच्या इभ्रतीसाठी. बरीच वर्षं परदेशात काढल्यावर मला हे अजिबात पटत नाही.

याला अभ्यासाचा आधारही दिला जातो. स्त्रिया नैतिक पेच सोडवताना नाती आणि काळजी पुढे ठेवतात, असं अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये मांडलं होतं. पण २००० साली सारा जाफी आणि जेनेट हाइड यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा स्त्रीपुरुषांतला हा फरक लहानच निघाला. अर्थशास्त्रज्ञ क्रिस्टोफ वानबर्ग यांचा २००८चा प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. त्यात अनोळखी लोकांच्या जोड्या लावल्या होत्या आणि जोडीदार एकमेकांना शब्द देऊ शकत होते. शब्द देऊन झाल्यावर त्यांनी काहींचे जोडीदार बदलले. नव्या जोडीदारालाही दुसऱ्या कुणी शब्द दिलेला असेल, तर त्याची अपेक्षा तेवढीच. तरीही लोकांनी दुसऱ्याच्या शब्दापेक्षा स्वतःचा शब्द अधिक पाळला. 'हे मी कबूल केलंय' ही ओढ पुरुषांची मक्तेदारी आहे, असं मला तरी कुठे दिसलं नाही.

दिसतं ते वेगळंच. घरी बाईने शब्द मोडला तर तिच्या स्वभावावर बोट ठेवलं जातं. पुरुषाने मोडला तर 'कामात अडकला असेल'. शिवाय तिचे निम्मे होकार तिचे नसतातच, नाही म्हणायची सोय नसते म्हणून ते दिलेले असतात. ते तिने निभावले की आपण तिच्या मायाळूपणाचं कौतुक करतो! हा अन्याय आहे, आणि कौतुकामुळे तो दिसेनासा होतो. परदेशात नातेवाइकांचा धाक सुटला की याच बायका सरळ नकार देतात. मग जे कबूल करतात ते पुरुषांइतक्याच करारीपणाने तडीस नेतात. उलट, चार ओळखीच्या लोकांसमोर शब्दाला जागणारे काही पुरुष इथे, विचारणारं कुणी नसताना, ढिले पडतात.

इथेही सगळं आलबेल नाही. मूल आजारी पडलं की फोन बहुधा आईलाच येतो. पण ज्या घरांत ती जबाबदारी ठरवून वडिलांकडे दिली आहे, तिथे वडील हातातलं काम टाकून पोचतात, आणि ते इभ्रतीसाठी नाही, मूल वाट पाहतंय म्हणून.