प्रेरणा पुरे झाली, आता लिहिलं कसं ते विचारा

कादंबरीकाराच्या प्रकट मुलाखतीला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला. "ही कादंबरी लिहिण्याची प्रेरणा आपल्याला कुठून मिळाली?" उत्तरही ठरलेलं. आजी गोष्टी सांगायची, गावात एक म्हातारा होता, एक बातमी वाचली आणि झोप उडाली. टाळ्या. दीड तास असाच जातो आणि चारशे पानांचा तो डोलारा उभा कसा राहिला, हे काही कळत नाही. मटण कुठल्या दुकानातनं आणलं तेवढं विचारायचं आणि पांढरा रस्सा जमला कसा हे सोडून द्यायचं, असला प्रकार. कोल्हापुरात तरी हे होऊ नये. इथं विचारण्यासारखं रग्गड आहे.

कर्णच घ्या. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' १९६७ चं, कोवाडच्या रणजित देसाईंचं 'राधेय' १९७३ चं. एकच जिल्हा, एकच महाभारत, एकच नायक, मध्ये जेमतेम सहा वर्षं. प्रेरणाच सगळं ठरवत असती तर दुसरं पुस्तक लिहायचं कारणच नव्हतं. पण दोन्ही शेजारी ठेवून वाचा, एकाचा कर्ण दुसऱ्यात सापडत नाही. देसाई तर सुरुवातीलाच सांगून टाकतात की ही कर्णाची चरित्रकथा नव्हे, तिची सत्यता शोधायला महाभारताची नाही, आपल्याच मनाची पानं उलटा.

सावंतांनी शाळेतल्या नाटकात कृष्णाचं काम केलं आणि तिथनं कर्ण मनात बसला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. बरं. गॅदरिंगमध्ये कृष्ण झालेली पोरं गावोगाव आहेत की! खरी मेख मांडणीत आहे. नऊ भाग. त्यातले चार कर्ण सांगतो, उरलेले कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि कृष्ण. आता विचार करा. कर्णाला आपला जन्म कसा झाला हे आयुष्यातला बराच काळ ठाऊक नाही, वाचकाला मात्र ते आधी कळायला हवं. मग कुंतीलाच बोलतं करावं लागतं. आणि शेवटचा भाग कुणाकडे? कृष्णाकडे, म्हणजे समोरच्या बाजूच्या सारथ्याकडे. ज्याच्या सांगण्यावरून बाण सुटला, त्याच्याच तोंडून कर्णाचं मोठेपण येतं. हेच शोणाकडून आलं असतं तर भावाचं रडणं म्हणून वाचकानं सोडून दिलं असतं. वयाच्या सत्ताविशीत हा हिशेब ज्याला सुचला, त्याला आम्ही काय विचारत राहिलो, तर 'कर्णच का?'

याच्याही आठ वर्षं आधी, १९५९ ला, 'ययाति' आली. खांडेकर तेव्हा कोल्हापुरातच. तिथंही ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू आपापल्या तोंडानं सांगतात. पुढं ज्ञानपीठ मिळालं, तेही मराठीतलं पहिलं. पण एकाच गावात दोघांनी दहा वर्षांच्या आत पुराणातली माणसं साक्षीदारासारखी एकेक करून उभी करावीत, हा योगायोग की एकानं दुसऱ्याकडून घेतलेला धडा? मला तर हा प्रश्न कुठल्याही पुरस्कारापेक्षा रंगतदार वाटतो. खांडेकर आपल्या पुस्तकांना भरभरून प्रस्तावना लिहायचे. त्या वाचतो कोण? 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांचं देसाईंना लिहिलेलं लांबलचक पत्र प्रस्तावना म्हणून जोडलंय. कादंबरीकाराच्या टेबलावर डोकावून बघायची याहून चांगली जागा नाही, आणि आपले निम्मे वाचक ती पानं ओलांडून थेट गोष्टीवर जातात.

कागलच्या आनंद यादवांनी १९७१ ला 'गोतावळा'त केलं ते तर आणखी धाडसाचं. पात्रं बोलीत बोलणार आणि लेखक मात्र पुस्तकी मराठीत वर्णन करणार, हा तोवरचा सोयीचा रिवाज. यादवांनी लेखकालाच बाजूला काढलं. मळ्यावरचा गडी नारबा सगळं सांगतो, त्याच्याच भाषेत. ट्रॅक्टर येतो आणि जनावरं जातात, तेव्हा ते दुःख समजावून सांगायला मधे कुणी शिकलेला माणूस नाही.

आता प्रेरणेला अगदीच मोडीत काढत नाही मी. विश्वास पाटील प्रशासकीय सेवेत नसते तर 'झाडाझडती'तले धरणग्रस्त इतक्या बारकाव्यानं आले नसते, हे मान्य. पण विस्थापन कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'मध्येही आहे. विषय सारखा असूनही पुस्तकं कशी वेगळी होतात, हे शेवटी लेखकालाच विचारावं लागतं.

मध्यंतरी इथल्याच एका कार्यक्रमात मागच्या रांगेतल्या एका पोरीनं उठून विचारलं, "सर, लिहून टाकून दिलं असं काय काय?" तोवर ठराविक उत्तरं देणारा लेखक खुर्चीत पुढं सरकला. म्हणाला, पहिला खर्डा सुनेच्या तोंडून होता. बरीच पानं झाल्यावर लक्षात आलं, सून माहेरी असताना घरात झालेलं भांडण तिला कळणार कसं? चोरून ऐकवलं, शेजारणीकडून सांगवलं, पत्र घातलं. सगळं खोटं वाटायला लागलं. शेवटी गोष्ट सासूकडं दिली आणि मग सासू वाईट राहिनाच, कारण आता तिचंही ऐकावं लागत होतं. सभागृहात पहिल्यांदाच कुणी मोबाईल बघत नव्हतं. तेवढ्यात संयोजक माईकवर आले, "वेळेअभावी आपण इथंच थांबूया," आणि पुढं आभार प्रदर्शन झालं वीस मिनिटं. कुणाचे आभार राहिले नाहीत, मांडववाल्याचे सुद्धा.

संयोजक मंडळींना एकच विनंती. शाल-श्रीफळ सुरुवातीला उरकून घ्या, सत्काराची भाषणं दोनावर आणा आणि लेखकाला येताना खाडाखोड केलेला एखादा खर्डा सोबत आणायला सांगा. पडद्यावर दाखवा तो. काय लागतंय त्याला!

आणि तुम्हाला आपल्या आवडत्या कादंबरीकाराला एकच प्रश्न विचारायला मिळाला, तर काय विचाराल? कमेंटमध्ये लिहा. 'प्रेरणा' सोडून.