तीन कोटेशन आणि बावीस मीटर तार

नितीननं तिन्ही कागद कट्ट्यावर पसरले आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांवर भडंगाची पुडी ठेवली. सांगलीच्या विश्रामबागेतला आमचा कट्टा रात्री नऊनंतर भरतो. त्या रात्री गॅरेजवाला सलीम होता, वायरिंगची कामं घेणारा दत्ता होता, वीज कंपनीतून निवृत्त झालेले अण्णा होते आणि मी. नितीननं दोन वर्षं वापरलेली टियागो ईव्ही, म्हणजे विजेवरची गाडी, घेतलीय. घर गावभागात, नोकरी तासगावला, म्हणजे जाऊन-येऊन रोजचे पन्नासएक किलोमीटर. घरी चार्जरची सोय करायला त्यानं तिघांकडून भाव मागवले होते. एकाचे साडेचौदा हजार, दुसऱ्याचे एकतीस, तिसऱ्याचे सेहेचाळीस.

"एकच काम आणि भावात तिपटीचा फरक," नितीन म्हणाला. "मला तर साडेचौदावाला बरा वाटतोय. ओळखीचा हाय, परवा येऊन लावून जातो म्हणतोय."

सलीमनं सेहेचाळीसचा कागद उचलला. "हे घे मर्दा. ७.२ किलोवॅटचा डबा भिंतीवर लागतोय. निम्म्या वेळात गाडी फुल्ल. एकदाच खर्च कर, परत बघायला नको."

"गाडी किती घेती ते बघितलं का?" दत्तानं विचारलं.

इथून खरी चर्चा पेटली. भिंतीवरचा डबा बॅटरी भरत नाही. तो गाडीला फक्त घरातली एसी वीज देतो, तिची बॅटरीला लागणारी डीसी करण्याचं काम गाडीच्या पोटातला ऑनबोर्ड चार्जर करतो. टियागो ईव्ही २०२२ साली आली तेव्हा ती ३.३ आणि ७.२ अशा दोन्ही ऑनबोर्ड चार्जरमध्ये मिळत होती. नितीनच्या गाडीचे कागद मोबाईलवर होते, त्यात ३.३ लिहिलेलं. म्हणजे भिंतीवर ७.२ लावा नाहीतर आणखी मोठा लावा, ही गाडी ३.३ च्या वर घेणार नाही.

"आणि तुला जास्त लागतंय कुठं?" दत्तानं तिथंच हिशेब मांडला. युनिटला सात किलोमीटर धरले तर पन्नास किलोमीटरला सात-साडेसात युनिट. ३.३ वर अडीच तासांत काम झालं. रात्री दहाला लावली तर एकच्या आत भरलेली असणार.

सलीम ऐकेना. "आज ३.३ आहे. चार वर्षांनी मोठी गाडी घेतलीस तर? परत भिंत फोडायची का?"

त्याचं हे म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि दत्तानंही ते मान्य केलं. पण त्याचं उत्तर मला जास्त पटलं. डबा भिंतीवर दोन स्क्रूंवर लटकतो, तो कधीही बदलता येतो. तार मात्र एकदाच ओढली जाते. म्हणून पैसे तारेत घालायचे आणि डबा नंतर बघायचा.

आता साडेचौदा हजारांचा कागद पुढं आला. दत्ता आल्यापासून त्यातल्या एकाच ओळीवर बोट ठेवून होता. चार एमएमची, म्हणजे चार चौरस मिलिमीटर छेदाची केबल, बावीस मीटर. त्यानं पेन काढलं आणि भडंगाच्या कागदावरच गणित केलं. चार एमएम तांब्याच्या तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मीटरमागं साधारण साडेचार मिलिओहम. जाणारी बावीस आणि येणारी बावीस मिळून चव्वेचाळीस मीटर, म्हणजे जवळपास ०.२ ओहम. आजच्या पंधरा अँपिअरला हे चालून जाईल, तारेत पंचेचाळीस वॅटची उष्णता होईल. पण उद्या ७.२ लावून बत्तीस अँपिअर ओढायला लागलास तर दोनशे वॅट नुसते भिंतीतल्या पाईपमध्ये जळणार. "मिक्सर पाच मिनिटं चालतो, गिझर पंधरा. गाडी तासन्‌तास ओढत बसती. तारेला गार व्हायला वेळच मिळत न्हाई. सहा एमएम टाक."

यावर मला बोलणं भाग होतं, कारण हे माझ्याच घरी झालंय. दोन वर्षांपूर्वी मी गाडी घेतली तेव्हा पोर्चमधल्या जुन्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर चार्जिंग सुरू केलं. ज्यानं पाहणी केली तो "काही होत नाही" म्हणून पैसे घेऊन गेला. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी पिन निघेना. ओढून काढली तर फेजच्या भोकाभोवतीचं पांढरं प्लास्टिक विडीच्या कडेसारखं तपकिरी झालेलं, आणि आत तारेचा स्क्रू बोटानं फिरत होता. फक्त एक ढिला स्क्रू! पोरं त्याच पोर्चमध्ये सायकल लावायची. त्या दिवसापासून कुणी कोटेशन दाखवलं की मी बेरीज शेवटी बघतो. आधी संरक्षणाला काय लावलंय आणि अर्थिंगचं काय, ते वाचतो.

साडेचौदा हजारांच्या कागदावर नुसता एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की पडणारा स्विच, होता. "एमसीबी आहे म्हटल्यावर बास की," नितीन म्हणाला.

त्यावर अण्णांचा आवाज चढला. "एमसीबी तार वाचवतो, माणूस न्हाई. बत्तीस अँपिअरचा एमसीबी शॉकला पडणारच न्हाई, कारण माणूस मरायला अँपिअरचा लहानसा हिस्सा पुरतो. वीज गळली की लगेच तोडणारा आरसीसीबी लागतो, तीस मिलिअँपिअरचा. पावसात ओली गाडी, ओली फरशी, अनवाणी माणूस. तिथं तोच आडवा येतो." केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत २०१९ साली वाहन चार्जिंगसाठी वेगळ्या तरतुदी आल्या, त्यातही हे तीस मिलिअँपिअरचं संरक्षण आहे आणि एक्स्टेन्शन बोर्ड लावायला मनाई आहे, हेही त्यांनी सांगितलं. दत्तानं पुढं जोडलं की दुकानात आरसीसीबीचा साधा एसी टाइप गळ्यात मारतात, गाडीसाठी ए टाइप मागायचा. गळती थोडी डीसी वळणाची असली तर साधा टाइप आंधळा होऊ शकतो.

अर्थिंगवर सगळ्यांचं एकमत झालं. साडेचौदावाला घराचीच जुनी अर्थिंग वापरणार होता. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि रॉडला सोडते. माझा चार्जर एप्रिलमध्ये लाल दिवा दाखवून बसायचा. मी अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं की हिरवा. नवा खड्डा केला तेव्हा कुठं ते थांबलं.

अण्णांनी मग बिल मागितलं. कंपनीनं घराला मंजूर केलेला भार तीन किलोवॅट. "घरात गिझर, पंप, फ्रिज. त्यात रात्री गाडी. भार वाढवायचा अर्ज आधी कर, मग केबल ओढ. तिघांच्याही कागदात हे न्हाई." घरच्या मीटरवर गाडी भरायला अडचण नाही. जानेवारी २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतच तसं स्पष्ट केलं होतं. फक्त युनिटच्या दराचा गट बदलतो. नितीनचं महिन्याला दोनशे दहा युनिटचं बिल येतं. पंचवीस दिवसांच्या फेऱ्यांचे आणखी पावणेदोनशे मिळवले की तो तीनशेच्या वरच्या गटात जातो आणि वरच्या पंच्याऐंशी युनिटांना जास्त दर लागतो. पेट्रोलपेक्षा तरी ते स्वस्तच पडतं, पण बिल आल्यावर घरात भांडण नको म्हणून आत्ताच सांगितलेलं बरं.

राहिला पाण्याचा प्रश्न, आणि गावभागात तो टाळता येत नाही. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. नितीनच्या पोर्चच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ अजून दिसते, माझ्या छातीएवढी. सेहेचाळीसवाल्यानं काढलेल्या चित्रात डबा जमिनीपासून साडेतीन फुटांवर होता. नियमात सॉकेट किमान ८०० मिलिमीटर उंच हवा, तेव्हा साडेतीन फूट नियमात बसतं. पण त्या माणसानं ती रेघ बघितलीच नव्हती. मी म्हणालो, डबा भिंतीतून सुटा काढून वर नेता आला पाहिजे आणि मेन स्विच जिन्याच्या वरच्या पायरीपाशी कोरड्यात पाहिजे. पाणी ओसरल्यावर वीज परत येते तेव्हा खालची ओली जोडणी जिवंत व्हायला नको. सलीमला हे पटलं. ७.२ चा हट्ट मात्र त्यानं शेवटपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ता टेप घेऊन गेला, मीही गेलो. मीटरपासून पोर्चपर्यंत सरळ हात दाखवला तर बावीस मीटर. पण तुळईला वळसा, खिडकीवरून उतार आणि वर जिन्यापर्यंतचा स्विच धरून टेपवर सत्तावीस आले. तिन्ही कागदांवर लांबी वेगळी होती. एकात बावीस, एकात वीस, एकात पंधरा. पंधरावाल्यानं पुढच्या प्रत्येक मीटरचे वेगळे पैसे लावलेत, ही बारीक अक्षरातली ओळ नितीननं तिथं उभं राहून पहिल्यांदा वाचली.

एकतीस हजारवाल्याला त्यानं तिथूनच फोन लावला. सत्तावीस मीटर, सहा एमएमची आर्मर्ड, म्हणजे लोखंडी कवचाची केबल, वेगळा अर्थिंग खड्डा, ए टाइप आरसीसीबी, स्विच जिन्यात, आत्ता सोळा अँपिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट, आणि काम झाल्यावर अर्थिंग मोजून आकडा कागदावर लिहून द्यायचा. पलीकडून विचारणा झाली, एवढं कुणी सांगितलं? नितीन म्हणाला, "कट्ट्यावर ठरलंय. नवा कागद पाठवा, बेरजेआधी या सात गोष्टी लिहून."