‘रिप्लेस ऑल मारा आणि मोकळे व्हा’ हा सल्ला मराठी मजकुराला का लागू पडत नाही

ठाण्या-नवी मुंबईतल्या डीटीपी आणि मुद्रितशोधन करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. मला तो आठवडाभरात तिघांकडून आला. त्याचा मजकूर थोडक्यात असा: प्रत्येक शब्दापाशी थांबून ‘बदलू का?’ असं विचारणारं शोधा-आणि-बदला वापरण्यात वेळ वाया जातो. रिप्लेस ऑल मारा, म्हणजे एका फटक्यात सगळीकडे बदल करून टाका, शेवटी एकदा वाचून घ्या. तेही नको असेल तर फाइल एआयला द्या. इमॅक्ससारखा एडिटर (मजकूर लिहायचा-सुधारायचा प्रोग्राम) आपल्या सोयीने वळवून घेणं हे प्रोग्रामर मंडळींचं काम, आणि मराठीत तसाही त्याचा उपयोग नाही.

मी नौपाड्यात बसून १२ वर्षं प्रूफं तपासतेय, त्यातली ७ इमॅक्सवर. या कामात नव्याने येणारी मुलं हा मेसेज खरा धरून चालली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

“रिप्लेस ऑलने वेळ वाचतो.”

गेल्या वर्षी गृहनिर्माण संस्थांच्या एका फेडरेशनची स्मरणिका माझ्याकडे प्रूफाला आली. पत्त्यांची लांबलचक यादी होती. समितीची सूचना साधी होती: ‘कळवा’ असेल तिथे ‘कळवा, ठाणे’ करा, ‘वाशी’ असेल तिथे ‘वाशी, नवी मुंबई’ करा. माझ्याकडे येण्याआधीच कुणीतरी रिप्लेस ऑल मारून ठेवलं होतं. निमंत्रणाच्या पानावर ओळ होती, ‘येणार असल्यास कळवा, ठाणे’. मनोगताची सुरुवात होती, ‘सर्व रहिवाशी, नवी मुंबई बंधू-भगिनींनो’. ज्यांच्या पत्त्यात ठाणे आधीपासून होतं त्यांचं ‘कळवा, ठाणे, ठाणे’ झालं होतं. उलटं रिप्लेस ऑल मारूनही भागणार नव्हतं, कारण मग नीट झालेले पत्तेही पुन्हा अर्धवट झाले असते. जुनी फाइल कुणी ठेवली नव्हती. अर्धा दिवस त्यात गेला. ‘पूर्ण शब्दच शोधा’ अशी खूण केली तर ‘रहिवाशी’ बचावतो, पण निमंत्रणातला ‘कळवा’ बचावत नाही, तो पूर्ण शब्दच आहे.

इमॅक्समध्ये या कामाच्या आदेशाचं नाव क्वेरी-रिप्लेस. तो प्रत्येक जागी थांबतो. ‘वाय’ दाबलं की बदलतो, ‘एन’ दाबलं की सोडून पुढे जातो, टोपीचं चिन्ह (^) दाबलं की मागच्या जागी परत नेतो. आणि उद्गारचिन्ह दाबलं की उरलेल्या सगळ्या जागा न विचारता बदलतो. म्हणजे रिप्लेस ऑल त्याच्या पोटातच आहे. पत्त्यांची यादी सुरू झाली, आता सगळे गावाचेच उल्लेख आहेत याची खात्री पटली, की तेवढा भाग निवडून तिथे खुशाल उद्गारचिन्ह दाबा. मेसेजमध्ये दोन पर्याय एकमेकांसमोर उभे केले आहेत, पण ते एकाच आदेशात शेजारी शेजारी बसलेले आहेत.

“शेवटी एकदा वाचून घ्या.”

वाचून सापडतं ते डोळ्यांना खटकणारं. कादंबरीतलं उदाहरण घ्या. निवेदनात ‘केले’, ‘सांगितले’ आणि पात्रांच्या तोंडी ‘केलं’, ‘सांगितलं’ अशी पद्धत लेखकाने ठरवलेली असते. पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांतही जागा आहे. निवेदनात चुकून राहिलेलं ‘केलं’ सुधारायला रिप्लेस ऑल मारलं, की संवादातलंही सगळं ‘केले’ होतं. शब्द बरोबर, व्याकरण बरोबर, वाचणाऱ्याला काहीच खटकत नाही. फक्त लेखकाचं कोळ्याचं पोर एकाएकी सरकारी पत्रकासारखं बोलू लागतं. कुठे काय होतं हे फाइलीतूनच पुसलं गेलेलं असतं, ते वाचून परत येत नाही.

एडिटर वळवून घेण्याचा खरा फायदा इथे दिसतो. इमॅक्स सापडलेली प्रत्येक जागा एका छोट्या फंक्शनला, म्हणजे सूचनांच्या तुकड्याला, दाखवतो. फंक्शन ‘नको’ म्हणालं तर ती जागा विचारलीच जात नाही. हे फंक्शन आपलं आपण देता येतं. माझं पाच ओळींचं आहे: मागे वळून बघ, सुरू होणारं अवतरणचिन्ह जवळ आहे की संपणारं? सुरू होणारं जवळ असेल तर आपण संवादात आहोत, सोडून दे. अवतरणचिन्हं नीट जोडीने असतील तरच ते चालतं, म्हणून आधी ती तपासून घेते. कादंबरी संपेपर्यंत प्रश्न निम्म्याहून कमी येतात आणि संवादाला हात लागत नाही.

“फाइल एआयला द्या.”

दिलेल्या शब्दाबाहेरचं वाक्यही तो बदलू शकतो, आणि कुठे बदललं ते प्रत्येक वेळी सांगेलच असं नाही. मग मूळ प्रत शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघायची, म्हणजे तेच काम दुप्पट. शिवाय दुसऱ्याचं अप्रकाशित हस्तलिखित कुठेही चढवायचा अधिकार आपल्याला नसतो.

“मराठीत त्याचा उपयोग नाही.”

हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कारण गोष्ट नेमकी उलट आहे. ‘दवाखाना’च्या जागी ‘रुग्णालय’ करायचं म्हणा. ‘दवाखाना’ शोधून ‘दवाखान्यात’, ‘दवाखान्याला’ सापडत नाहीत, सामान्यरूप वेगळं. ते नमुना देऊन पकडता येतं: ‘दवाखान्या’चं ‘रुग्णालया’ केलं की पुढचा प्रत्यय जागेवर राहतो. पण दवाखाना पुल्लिंगी आणि रुग्णालय नपुंसकलिंगी. ‘नवा दवाखाना बंद होता’चं ‘नवे रुग्णालय बंद होते’ व्हायला हवं. विशेषण बदललं, क्रियापद बदललं. मराठीत एक शब्द हलवला की शेजारचे दोन हलतात, आणि ते माणसानेच बघायचे असतात.

यासाठी क्वेरी-रिप्लेसमध्ये अर्ध्यातून बाहेर येऊन वाक्य दुरुस्त करायची आणि तिथूनच पुढे जायची सोय आहे. कंट्रोल-आर दाबायचं, खाली नावाच्या पट्टीवर चौकटी कंस दिसतात, ‘नवा’चं ‘नवे’ करायचं, मग कंट्रोल-ऑल्ट-सी दाबून परत. मला दोन वेगळ्या कळा लक्षात ठेवायला जड गेल्या, म्हणून दोन्ही एफ-५ वर बांधल्या. एकदा दाबलं की बाहेर, पुन्हा दाबलं की आत.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य, दुसऱ्यात साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडक आणि य. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. एक शोधला की दुसरा सापडत नाही. कर्सर अक्षरावर ठेवून कंट्रोल-एक्स आणि मग बरोबरचं चिन्ह दाबलं की तिथे नेमकं कोणतं चिन्ह आहे ते खाली दिसतं. इथे मी सुरुवातीलाच सगळे एका तऱ्हेचे करून घेते, आणि तेही उद्गारचिन्ह दाबून, कारण यात अर्थाचा प्रश्नच नाही.

“हे प्रोग्रामरांचं काम.”

आमच्याकडे बहुतेक ऑपरेटर इनस्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीवर, टाइप करतात. विंडोजचं मराठी चालू असताना क्वेरी-रिप्लेसने विचारलं आणि तुम्ही ‘वाय’ची कळ दाबली, तर एडिटरला ‘ब’ पोचतो. अनोळखी कळ आली की क्वेरी-रिप्लेस तिथेच थांबतो आणि ती कळ नेहमीसारखी चालवतो, म्हणजे मजकुरात एक ‘ब’ उमटतो. माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलीचं पहिल्याच दिवशी असं झालं आणि एडिटर मराठीला चालत नाही असं तिने ठरवून टाकलं. इमॅक्स सुरू होताना जी फाइल वाचतो, तिच्यात आम्ही दोन ओळी घातल्या: क्वेरी-रिप्लेसच्या कळांच्या यादीत ‘ब’ म्हणजे बदल, ‘ल’ म्हणजे सोड. इनस्क्रिप्टमध्ये ‘एन’च्या कळेवर ‘ल’ येतो, त्यामुळे बोटं होती तिथेच राहिली. क्वेरी-रिप्लेस सुरू होतो ऑल्ट आणि टक्क्याच्या चिन्हाने, पण मराठी चालू असताना टक्क्याच्या जागीही दुसरंच काही उमटतं, म्हणून तो आदेशच एफ-६ वर बांधला. तिने आयुष्यात एक ओळ प्रोग्रामिंग केलेलं नाही. त्या ओळी मी सांगितल्या, तिने टाइप केल्या, दहा मिनिटं लागली.

एडिटर बंद करताना ‘फाइल जतन करू का?’ विचारतो, त्या प्रश्नालाही कळांची हीच यादी लागू होते. तिथेही आता तिचा ‘ब’ चालतो.